येऊरच्या ओढ्यात न्यूट सोडू नका

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: "दिवाळीत माझ्या भावाने माझ्या सातवीतल्या मुलाला माशांच्या दुकानातून एक प्राणी आणून दिला. दुकानदार म्हणाला, ही पाण्यातली पाल. पाठ काळी, पोट केशरी, पोटावर काळे ठिपके, लांबी बोटाएवढी. थंडीत छान खात होती. एप्रिलपासून खाणं जवळजवळ बंद आहे. सारखी पाण्याच्या वर येते, काचेवर चढायला बघते. हा प्राणी कोणता, मुळात राहतो कुठे, खातो काय? आता पाऊस सुरू झाला आहे, तर येऊरच्या ओढ्यात सोडली तर मोकळी जगेल का? मुलगा रोज रडतो."

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पावसाळ्यातला रविवार आला की माणसं येऊरला जातातच. सोडू नका. येऊरला नको, उपवनला नको, मासुंदा तलावात नको आणि सोसायटीच्या कमळाच्या टाकीतही नको. तिथे हा प्राणी, म्हणजे न्यूट, जगणार नाही आणि जगला तर त्याहून वाईट. कारण पुढे सांगतो. दुसरी गोष्ट तुमच्या मुलाला आत्ताच सांगा: त्याचा प्राणी बहुधा आजारी नाही, त्याला उकडतंय. त्यावर उपाय आहे.

मी ठाण्यात प्राण्यांचा डॉक्टर आहे. कुत्री-मांजरी रोजच येतात, पण गेली पंधरा-सोळा वर्षं कासवं, सरडे, बेडूक आणि तुमच्याकडे आहे तसले प्राणीही येतात. दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात अशी दोन-तीन तरी मंडळी काचेचा डबा घेऊन दारात उभी असतात आणि प्रत्येकाची तक्रार तुमच्यासारखीच असते: दिवाळीत ठणठणीत होता, उन्हाळ्यात जेवत नाही.

हा प्राणी पाल नाही. मुलाला भिंग देऊन नीट बघायला सांगा. पालीच्या अंगावर खवले असतात, बोटांना नखं असतात, डोक्याच्या बाजूला कानाचं भोक दिसतं. याच्या अंगावर एकही खवला नाही, नखं नाहीत, कानाचं भोक नाही. पुढच्या पायाची बोटं मोजा, चार भरतील. मागची पाच. पालीला चारही पायांना पाच-पाच बोटं असतात. हा बेडकाच्या गणगोतातला आहे, उभयचर, फक्त याची शेपटी मोठेपणीही राहते. शेपटीवाल्या उभयचरांना सॅलॅमँडर म्हणतात आणि त्यातल्या एका कुळातले, वर्षाचा मोठा काळ पाण्यात काढणारे, ते न्यूट. मराठीत याला बोलीतला शब्द सापडत नाही आणि त्याचं कारण साधं आहे: आपल्याकडे हा प्राणी नाहीच. सरडा, पाल, सापसुरळी, घोरपड, बेडूक, भेक, देवगांडूळ, ज्यांच्याशी आपल्या आज्या-पणज्यांची गाठ पडली त्या सगळ्यांना नावं आहेत.

तुमच्या वर्णनावरून हा चिनी फायर-बेलीड न्यूट, शास्त्रीय नाव सायनॉप्स ओरिएंटॅलिस. चीनच्या पूर्व भागात यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात, टेकड्यांमधली डबकी, संथ ओहोळ आणि भातखाचरं हे त्याचं घर. भातखाचर म्हटल्यावर आपल्याला वाटतं, मग काय, शहापूर-मुरबाडलाही भातखाचरं आहेतच. पण तिथल्या त्या डोंगरात हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते आणि वसंतातलं पाणी १५ अंशांच्या आसपास असतं. ऊन वाढलं की तो दगडाखाली, ओल्या पाचोळ्यात, झाडांच्या सावलीतल्या खोल डबक्यात सरकतो. काचेच्या पेटीत सरकायला जागा नसते.

एक खात्री मात्र करून घ्या. याच नावाने दुकानात दुसरे दोन-तीन न्यूटही विकले जातात. अंग खरखरीत, चामखिळींनी भरलेलं आणि आकाराने मोठा असेल तर तो पॅरामेसोट्रायटन असू शकतो. त्या अख्ख्या गटाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आहे आणि आपल्याकडे अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. फोटो काढून आणा, मी बघून सांगतो.

आता उकाड्याचं. हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. न्यूटला फुप्फुसं असतात, पण ती साधी. श्वासाचा मोठा भाग तो कातडीतून घेतो, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कातडीतून थेट रक्तात. १५ अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण १० मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. त्याच वेळी उलटी गोष्ट शरीरात घडते. थंड रक्ताच्या प्राण्याचं शरीर दर १० अंशांमागे साधारण दुप्पट वेगाने चालायला लागतं, म्हणजे ऑक्सिजनची गरज दुप्पट. गरज वाढली आणि पुरवठा घटला, म्हणून तो सारखा वर येऊन हवा घेतो. पाणी नकोसं झालं म्हणून काच चढतो. आणि भूक मरते. मालकाला वाटतं अन्न आवडत नाही, म्हणून तो तीन प्रकारचं अन्न टाकतो, ते कुजतं, पाण्यात अमोनिया वाढतो आणि तो अमोनियाही त्याच पातळ कातडीतून आत जातो. मी बघितलेल्या बहुतेक न्यूटांचा शेवट असा झाला आहे.

या जातीला १५ ते २० अंश हवेत. २४-२५ च्या वर त्रास सुरू होतो. ठाण्यात मे महिन्यात घरातलं पाणी ३० ते ३२ अंशांवर असतं आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी तर हाताला चटका देतं. पावसाळ्यात हवा गार वाटते, पण पेटीतलं पाणी २७-२८ च्या खाली क्वचित जातं. म्हणजे पाऊस आला तरी तुमच्या न्यूटचा उन्हाळा संपलेला नाही.

माझ्याकडे आलेल्या पहिल्या न्यूटच्या वेळी मी चुकलो होतो. तोंडातली बुरशी बघितली, पोट चाचपलं, पाणी तपासलं, औषध दिलं आणि पाण्याचं तापमान विचारलंच नाही. चार दिवसांनी तो गेला. कळव्याच्या त्या घरातला मुलगाही तुमच्या मुलाएवढाच होता. त्यानंतर असा कुठलाही प्राणी टेबलावर आला की मी सर्वांत आधी थर्मामीटर डब्यात टाकतो.

याचं आयुष्य कसं असतं ते तुमच्या मुलासाठी जरा सावकाश सांगतो, कारण हे कळलं की प्राणी वेगळाच दिसायला लागतो.

न्यूट मादी बेडकासारखा अंड्यांचा लगदा घालत नाही. ती एकेक अंडं घालते. पाणवनस्पतीचं एक पान मागच्या पायांनी वाकवते, त्या घडीत अंडं ठेवते आणि पान चिकटवून टाकते, आपण विडा बांधतो तसं. मग पुढचं पान. एका हंगामात अशी शेकडो. युरोपातल्या मोठ्या तुरेवाल्या न्यूटची मादी दोन-तीनशे अंडी अशी एकेक बांधते आणि त्यातली निम्मी मरणारच असतात, कारण त्या जातीत पहिल्या गुणसूत्राच्या जोडीत असा एक पेच आहे की निम्मे गर्भ पूर्ण वाढूच शकत नाहीत. तरी ती प्रत्येक अंड्याला पान शोधते.

त्याआधीचं प्रणयाराधन तर फार सुंदर. नर मादीला पकडत नाही. तो तिच्यासमोर उभा राहतो, शेपूट दुमडतो आणि ती वेगाने हलवून पाण्याची झुळूक तिच्याकडे सोडतो. त्या झुळुकीत गंध असतो. जपानी न्यूटच्या नराचा हा गंध १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळा काढला. तो १० अमिनो आम्लांचा छोटासा रेणू निघाला आणि त्याला त्यांनी सोडेफ्रिन नाव दिलं. जुन्या जपानीत बाही हलवून प्रिय माणसाला खुणावणं याला जो शब्द आहे, त्यावरून. मादी राजी झाली की नर पुढे चालतो, तळावर वीर्याची एक इवलीशी पुडी ठेवतो आणि मादी त्यावरून जाताना ती उचलून घेते. बस्स, तेवढाच संबंध.

दोन-तीन आठवड्यांनी अंड्यातून पिल्लू येतं. गळ्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले बाहेर आलेले, शेपटीला पातळ पर. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात, न्यूटच्या पिल्लाला आधी पुढचे. आणि बेडकाचं पिल्लू मुख्यतः शेवाळ खरवडून मोठं होतं, न्यूटचं पिल्लू मात्र पहिल्या दिवसापासून शिकारी: पाण्यातले पिसू, सायक्लोप्स, डासांच्या अळ्या, आणि भूक फार लागली तर स्वतःची भावंडं. तीन-चार महिन्यांत कल्ले आटतात, पर झडतो, कातडी जाडसर होते आणि ते पाणी सोडून जमिनीवर येतं. अनेक जातींत हा जमिनीवरचा काळ काही वर्षांचा असतो. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या न्यूटची पिल्लं या काळात भडक नारिंगी होतात आणि २ ते ७ वर्षं जंगलातल्या पाचोळ्यात हिंडतात. मग एके वर्षी पावसाच्या रात्री परत पाण्याकडे निघतात, रंग बदलतात, शेपूट पुन्हा चपटी होते. एकाच प्राण्याला दोनदा पाण्याचा आणि मध्ये एकदा जमिनीचा जन्म.

म्हणून न्यूटचा अधिवास म्हणताना फक्त तळं धरून चालत नाही. तळं, त्याच्या कडेचं गवत, पलीकडची झाडी, कुजलेलं लाकूड, दगडांच्या फटी, सगळं मिळून एक घर. तळं ठेवलं आणि भोवती फरसबंदी केली तरी न्यूट जातो. तळ्यात मासे सोडले तरी जातो, कारण मासे अंडी आणि पिल्लं दोन्ही खातात. डासांसाठी म्हणून आपण प्रत्येक डबक्यात गप्पी सोडतो, तेव्हा बेडकांच्या पिल्लांचंही हेच होतं.

मोठ्या न्यूटचं खाणं: गांडूळ, पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या, लहान गोगलगायी, बेडकांची अंडी, बेडकांची पिल्लं. पाण्यात तो तोंड झटकन उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतो. जमिनीवर जिभेने पकडतो. नजर हलणाऱ्या गोष्टीवर जाते, पण वासही चांगला असतो, म्हणून चिमट्यात धरून नाकासमोर हळू हलवलेलं अन्न तो घेतो. घरी त्याला गांडुळाइतकं चांगलं दुसरं काही नाही. पावसाळ्यात कुंड्यांखाली सापडतात ती साधी, मातकट गांडुळं घ्या, धुवा, त्याच्या डोक्याच्या रुंदीएवढे तुकडे करा. खतवाल्यांकडची लालसर गांडुळं आणू नका. ती दुखावली की कडवट, वास येणारा द्रव सोडतात आणि न्यूट एकदा तोंडात घेऊन थुंकला की पुढे आठवडाभर कशालाच तोंड लावत नाही. ज्या मातीत कीटकनाशक पडतं तिथली तर नकोतच. गोठवलेल्या ब्लडवर्मचे, म्हणजे लाल अळ्यांचे, तुकडे चालतात, डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले पिसू, चालतात. गटारातून आणलेले ट्युबिफेक्स नावाचे बारीक लाल कृमी नकोत. पाव, चपाती, माशांचे कोरडे दाणे, उकडलेलं अंडं, हे सगळं बंद. पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरतं. दोन-तीन आठवडे नाही खाल्लं तरी निरोगी न्यूट मरत नाही, त्यामुळे आज घास भरवायची घाई करू नका. आधी पाणी गार, मग अन्न.

पेटीच्या तळाला रंगीत खडे आहेत का? असतील तर काढा. पाणी ओढून खाणारा प्राणी खडाही ओढतो आणि तो आतड्यात अडकतो. एक्स-रेमध्ये असे खडे मी बघितले आहेत. तळ मोकळा ठेवा किंवा त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत गोटे ठेवा. सोबत मासे ठेवू नका, गोल्डफिश तर मुळीच नको. ते त्याची बोटं आणि शेपूट कुरतडतात. बोट गेलं असेल तर मात्र घाबरू नका, ते परत येतं. हे स्पालान्झानी नावाच्या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १७६८ मध्ये लिहून ठेवलं. न्यूटला नुसतं बोट नाही, अख्खा पाय, शेपूट, हृदयाचा तुकडा आणि डोळ्यातलं भिंगसुद्धा नव्याने येतं. जपानमध्ये काही न्यूटांच्या डोळ्यातलं भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढलं गेलं आणि अठराव्या वेळी आलेलं भिंगही कधीच न काढलेल्या भिंगासारखंच निघालं. त्या न्यूटांचं वय तेव्हा किमान ३० वर्षं होतं. तुमच्या मुलाने सांभाळलं तर हा प्राणी त्याच्या कॉलेजातही सोबत असेल, हे घरातल्या मोठ्यांनी लक्षात घ्यायला हवं.

हात लावायचा नाही, हे मुलाला समजावून सांगा. दोन कारणं आहेत. आपला तळहात त्याच्या मानाने तापलेला तवा असतो आणि आपल्या हातावरचं मीठ, साबण, तेल त्याच्या कातडीतून आत जातं. दुसरं म्हणजे हा प्राणी विषारी आहे. कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं, फुगा माशात असतं तेच. या जातीत त्याचं प्रमाण पाण्यात हात घातल्याने कोणाला काही होईल एवढं नसतं, पण डोळे चोळण्याआधी, जेवण्याआधी हात साबणाने धुवायचे. घरात रांगतं बाळ असेल तर पेटीला कडीचं झाकण हवं, तसंही काच चढून न्यूट बाहेर येतोच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जातीत हे विष इतकं असतं की १९७९ मध्ये ओरेगॉनमधला २९ वर्षांचा माणूस पैजेपायी एक न्यूट गिळून त्याच दिवशी मरण पावला. केशरी पोट ही त्या विषाची पाटी आहे. घाबरला की तो पाठ धनुष्यासारखी वाकवतो आणि पोटाचा रंग दाखवतो. मुलाला असं कधी दिसलं तर समजायचं की त्याला भीती वाटते आहे, लांब व्हायचं.

भारतात न्यूट नाही असं नाही. दार्जिलिंगच्या डोंगरात आहे. मी काही वर्षांपूर्वी जूनमध्ये मुद्दाम तिथे गेलो होतो. सुखियापोखरीजवळ जोरपोखरी नावाची तळी आहेत, तिथलं छोटंसं अभयारण्य याच प्राण्यासाठी राखलेलं आहे. धुकं इतकं की तळ्याचा पलीकडचा काठ दिसत नव्हता, अंगात स्वेटर होता आणि काठच्या गवतात, हाताच्या वितीएवढा, तपकिरी, पाठीवर दोन्ही बाजूंना गाठींच्या रांगा असलेला न्यूट अत्यंत सावकाश चालत होता. इतक्या सावकाश, की आपण आपोआप श्वास धरतो. तिकडच्या नेपाळी बोलीत त्याला पानी कुकुर म्हणतात, पाण्यातलं कुत्रं. आधी याला टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस समजत. २०१५ मध्ये पूर्व हिमालयातला हा प्राणी वेगळी जात म्हणून नोंदला गेला, टायलोटोट्रायटन हिमालयानस. हिवाळाभर तो दगडाखाली, शेवाळाखाली पडून असतो, वळवाच्या पावसात तळ्याकडे येतो. चहाचे मळे, रस्ते, तळ्यांचं सुशोभीकरण यांनी त्याची तळी एकेक करून संपत चालली आहेत. तो कायद्याने संरक्षित आहे. कुणी दुकानात हिमालयन न्यूट म्हणून काही दाखवलं तर घेऊ नका आणि वनखात्याला कळवा.

मग सह्याद्रीत का नाही? महाबळेश्वर, आंबोली गार आहेत, ओल आहे. याचं उत्तर फार जुनं आहे. शेपटीवाले उभयचर उत्तरेकडच्या भूखंडांवर वाढले. भारताचा तुकडा तेव्हा दक्षिणेकडे, आफ्रिका-मादागास्करपासून सुटून समुद्रातून वर सरकत होता, आपले बेडूक आणि देवगांडुळं, म्हणजे बिनपायांचे उभयचर, घेऊन. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला टेकला. उत्तरेचे न्यूट हिमालयाच्या पूर्व टोकापर्यंत आले, पण गंगेचं तापलेलं मैदान आणि दख्खनचं कोरडं पठार त्यांना ओलांडता आलं नाही. म्हणून आपल्याकडे न्यूट नाहीत आणि दार्जिलिंगला नाहीत असे कितीतरी बेडूक आपल्याकडे आहेत.

आता येऊरला का नाही, याचं खरं कारण. पावसाळ्यातही येऊरच्या ओढ्याचं पाणी त्याच्यासाठी गरमच असतं आणि डिसेंबरनंतर ओढा आटतो. न्यूट तिथे बहुधा काही आठवड्यांत मरेल. पण मरण्याआधी तो काय मागे सोडेल, ही माझी काळजी आहे.

उभयचरांच्या कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड नावाच्या बुरशीच्या दोन जाती आहेत. दोन्हींचं मूळ आशियात आहे. तिथले प्राणी तिच्यासोबत लाखो वर्षं राहिल्यामुळे अनेकदा अंगावर बुरशी घेऊन ठणठणीत हिंडतात. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती जगभर गेली. नेदरलँड्सच्या दक्षिणेतल्या जंगलात २०१० च्या सुमारास फायर सॅलॅमँडर दिसेनासे व्हायला लागले. तीन-चार वर्षांत शंभरातले जेमतेम चार उरले. २०१३ मध्ये कारण सापडलं, बुरशीची नवी जात, आणि पुढच्या वर्षी दिसून आलं की ती आशियाई न्यूटांच्या व्यापारातून आली असावी. म्हणूनच अमेरिकेने जानेवारी २०१६ मध्ये २०१ जातींच्या सॅलॅमँडरांची आयात बंद केली. दुसरी, जुनी जात बेडकांवर जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार जगातल्या किमान ५०१ उभयचर जातींच्या घसरणीत कायट्रिडचा हात आहे आणि त्यातल्या ९० बहुधा नामशेष झाल्या आहेत. ती बुरशी पश्चिम घाटातल्या बेडकांवरही सापडली आहे. इथे अजून तसा संहार दिसलेला नाही. पण तिचे अनेक वाण आहेत आणि बाहेरचा नवा वाण आणून ओढ्यात सोडणं म्हणजे तो संहार आपण होऊन बोलावणं. दुकानातले हे न्यूट बहुतेक जंगलातून पकडलेले असतात, आणि प्रवासात दहा जातींच्या प्राण्यांसोबत एकाच पाण्यात ठेवलेले असतात. तुमचा निरोगी दिसतो म्हणून त्याच्या अंगावर काही नाही असं मी डोळ्यांनी बघून सांगू शकत नाही, कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही.

उलट बाजूचं उदाहरणही सांगतो, कारण ते याच न्यूटच्या सख्ख्या भावाचं आहे. चीनमधल्या युन्नानमध्ये कुनमिंग शहराजवळच्या मोठ्या तळ्यात सायनॉप्सचीच एक जात होती, जगात फक्त तिथेच. तळ्यात सांडपाणी आलं, बाहेरचे मासे आणि बाहेरचे बेडूक सोडले गेले. १९७९ नंतर तो न्यूट कुणालाही दिसलेला नाही. नामशेष. ज्यांनी ते मासे सोडले त्यांनीही वाईट हेतूने सोडले नसतील. ठाण्या-नवी मुंबईच्या तळ्यांत आज लाल कानांची अमेरिकन कासवं दिसतात, गाळ चाटणारे सकर मासे दिसतात, तीही कुणीतरी मुलाचं रडणं थांबावं म्हणून मायेने सोडलेली.

त्यामुळे पाणी बदलताना तेही जपून टाका. बादलीत काढा, घरातलं ब्लीच घाला, अर्धा तास ठेवा आणि संडासात ओता. बागेत, नाल्यात, तळ्यात नको. त्याच्या पेटीतल्या वनस्पती कुणाला देऊ नका. पुढे-मागे तो गेलाच, तर मातीत पुरण्याऐवजी पिशवीत नीट बांधून माझ्याकडे आणा.

आज संध्याकाळी हे करा. पंधरा-वीस लिटर पाणी मावेल असा रुंद प्लास्टिकचा टब घ्या. नळाचं पाणी, मग ते मोरब्याचं असो की भातसाचं, त्यात क्लोरीन असतं. माशांच्या दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध घाला किंवा रुंद तोंडाच्या भांड्यात पूर्ण दिवस उघडं ठेवा. पाणी चार बोटं खोल, एका बाजूला उलटी वाटी किंवा सपाट दगड, म्हणजे त्याला पाण्याबाहेर बसता येईल. लपायला मातीच्या कुंडीचा तुकडा. टब घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीवर, उन्हापासून लांब. एसी असेल तर त्या खोलीत. पाण्यावर छोटा पंखा सोडा; कोरड्या हवेत तो दोन-तीन अंश उतरवतो, आपल्या दमट पावसाळ्यात त्याचा उपयोग थोडा कमी होतो, पण होतो. बर्फ थेट पाण्यात टाकू नका आणि गोठवलेली बाटली टाकून एका तासात ३१ वरून २० वर आणू नका, तो धक्का उकाड्यापेक्षा वाईट. एका तासाला फार तर एक अंश, अशा बेताने रात्रभरात खाली आणा. २२ पर्यंत आलं तरी मी समाधानी आहे. माशांची औषधं, निळी-हिरवी कुठलीही, मुळीच घालू नका. त्यातलं तांबं आणि रंग माशाला चालतात, या कातडीला नाही.

गार झाल्यावर दोन-तीन दिवसांत तो शांत बसायला लागेल, मग गांडुळाचा एक तुकडा दाखवून बघा. कातडीवर कापसासारखी पांढरी वाढ, पोट फुगलेलं, किंवा कुशीवर कलंडून पोहणं, यातलं काही दिसलं तर वाट न बघता या. कातडी मात्र तो अधूनमधून टाकतो आणि स्वतःच खातो, त्याची काळजी नको.

पुढच्या उन्हाळ्याचं आत्ताच ठरवा. दिवस-रात्र एसी किंवा पेटीचा चिलर, यातलं काहीतरी मार्चपासून पावसाळाभर आणि पुढे ऑक्टोबरमध्येही लागेल. ते परवडणारं नसेल तर त्यात कमीपणा नाही. गार पेटी असलेले एक-दोन जण माझ्या ओळखीचे आहेत, ते नीट सांभाळतील आणि मुलाला भेटायला जाता येईल. भावाला मात्र एवढं सांगा की पुढच्या वेळी भेट आणण्याआधी मला एक फोन करावा.

आणि मुलाला येऊरला न्याच, फक्त डबा घरी ठेवून. पहिल्या मोठ्या पावसात साचलेल्या पाण्यात पिवळेधमक बुलफ्रॉग निळे गाल फुगवून ओरडत असतात. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर, डबक्यावर वाकलेल्या फांदीवर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला तर हात लावू नका, ते झाडावरच्या बेडकाचं घरटं, त्यातून पिल्लं खाली पाण्यात टपकतात. आधी मागचे पाय फुटतात की पुढचे, हे त्याने दर रविवारी जाऊन काठावरूनच बघावं आणि वहीत लिहावं. घरी येताना बूट-चपला धुवून, पूर्ण वाळवून मगच न्यूटच्या खोलीत जायचं, आणि येऊरला जायच्या दिवशी त्याच्या टबात हात घालायचा नाही.

थर्मामीटर आजच घ्या, साधा काचेचा, माशांच्या दुकानात मिळतो तो पुरतो. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहा, तिन्ही वेळचे आकडे चार दिवस मुलालाच लिहू द्या. येताना ती वही आणा आणि टबातलं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून आणा, अमोनिया मी इथे तपासतो. न्यूटला झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात, ओल्या टिश्यू पेपरवर, पाण्याशिवाय आणायचं, आणि सकाळी नऊच्या आत, घोडबंदरच्या रस्त्यावर ऊन आणि गाड्या दोन्ही वाढायच्या आधी.